बोटीवरची बक्षिसी

गोव्याच्या बोटीचा विषय आमच्या हिच्यासमोर काढायचा नाही, एवढं सांभाळा. लग्नाला सहा महिने झाले होते, उसाचं बिल नुकतंच हातात आलं होतं, म्हणून श्रीगोंद्याहून मुंबईला जाऊन आम्ही दोघं हौसेनं बोटीवर चढलो. तिकीट काढलं की खर्च संपला, अशी माझी समजूत. पण हमालानं वळकटी वर नेली, त्याला दिले. एकानं डेकवर वाऱ्याची जागा धरून दिली, त्याला दिले. चहा आणणाऱ्यानं तर सलामच ठोकला, मग त्यालाही दिले.

ही म्हणाली, "अवो, परतीच्या यष्टीला तरी ऱ्हाऊ द्या!"

तेवढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आमच्यापाशी थांबले. "काय, बोट लागत नाही ना?" त्यांनी हसून विचारलं.

मला वाटलं, आला आणखी एक. मी आठ आणे त्यांच्या हातावर ठेवले अन् म्हणालो, "एवढंच हाय. आता आनखी कुनाला पाठवू नका."

शेजारचा प्रवासी माझ्या कानाशी लागला, "अहो, ते कप्तान आहेत!"

मी गारच पडलो. कप्तानांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "वीस वर्षं बोट चालवतोय," ते म्हणाले. "लोक हमालाला देतात, चहावाल्याला देतात. मला देणारे तुम्हीच पहिले." नाणं खिशात टाकून ते खुशीत निघून गेले.

मी लाजेनं मान खाली घातली, तर ही मला कोपरानं ढोसतेय, "एवढा मोठा मानूस हाय, तर मागून घ्या की परत!"