तात्यांनी जिरवलेला सेकंद

कॉम्प्युटर मी शिकलो, पण डोकं आमच्या डेअरीतल्या तात्यांचं! पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालायला जगाच्या घड्याळात एक सेकंद वाढणार होता, तोही पहाटे साडेपाचला, ऐन दूध घालायच्या वेळेला. मागल्या खेपेला त्यापायीच डेअरीचा कॉम्प्युटर अडकला आणि किटल्या घेऊन उभ्या बायकांनी माझा उद्धार केला.

तात्या म्हणाले, "एका किटलीत तांब्याभर पाणी ओतलं की लगेच सापडतंय. गावच्या सगळ्या किटल्यांत थेंब थेंब घातलं तर कळतंय व्हय?"

मी कॉम्प्युटरच्या घड्याळात आदल्या दिवसाचा प्रत्येक सेकंद केसभर लांबवला, जादा सेकंद त्यातच जिरला. साडेपाच वाजले, कॉम्प्युटर चालूच!

डेअरीला कॉम्प्युटर देणारे पुण्याचे साहेब फोनवर थक्क. "मोठ्या कंपन्या हेच करतात! तात्या कुठले इंजिनिअर?"

म्हटलं, "न्हाय ओ साहेब, ते तीस वर्षं दुधातलं पाणी पकडत्यात."