परवानगी नाही

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई दुखरा गाल धरून बसल्या होत्या. शेजारी मायलेकी फोनमध्ये डोकं घालून कुजबुजत होत्या.

“दादाचं पान उघड ना परत.”

“आई, भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून तेच येतंय, ‘पान सापडत नाही’. काढून टाकलं असेल त्यानं.”

“नाहीतर त्याचंच काही बरंवाईट...”

“अभद्र बोलू नकोस! थांब, आज वेगळं आलंय. ‘परवानगी नाही.’”

“म्हणजे गं?”

“म्हणजे पान आहे, पण कुलूप घातलंय.”

“कुणी?”

“दुसरं कोण घालणार? किल्ली त्याच्याकडेच. एवढा राग धरायचा आईवर?”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

“काल नव्हतं ना कुलूप?” आईनं लेकीला विचारलं.

“नव्हतं.”

“मग असू दे. हात चालतायत माझ्या लेकराचे.”