केविनची काडतुसं आणि हिचा कुकर

परदेशातल्या टार्निट उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्याचं, केविनचं, ऐका. लॉकडाऊन नुकताच उठला होता. त्याने बार्बेक्यूच्या चिमट्याने कुंपणावरून झाडलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या दिल्या, एक जुन्या रायफलीतली, एक नवीतली. काडतुसं त्यानेच घरी भरलेली. "डॉक, जुन्या रायफलीत मस्त चालतात, नवीत बोल्टचा दांडा अडकतो. उरलेली उद्या उडवू ना?"

धातुशास्त्रातली पीएचडी माझी. पुंगळ्या आधी सॅनिटाइझ केल्या, मग भिंगातून पाहिल्या. नव्या रायफलीतल्या पुंगळीच्या बुडाची टोपी पार चपटी झालेली. म्हणजे जुन्या रायफलीच्या मापाने भरलेल्या दारूचा दाब नवीत जास्त होत होता. पण माझंच चुकत असेल तर? चार पानी अहवालात बावीस वेळा 'कदाचित' लिहिलं.

बायकोने तो वाचला आणि कुंपणाशी जाऊन ओरडली, "केविन! न्यू कुकर, ओल्ड माप, नो! फुटेल!"

केविनने काडतुसं तिथल्या तिथे बाजूला ठेवली. आता तो हिला डॉक म्हणतो, मला नुसतं मेट, म्हणजे दोस्त. कदाचित बरोबरच असेल.