फोनपुढं घेतलेलं नाव

फोन घरातलं सगळं चोरून ऐकतो, सरकारनं त्याचे कान बंद करायला पाहिजेत, असं आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, ठाम मत. परवा मामा जिंतूरला निघाले आणि बीपीच्या गोळ्या घरीच विसरले. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, वाचता येत नाही. त्या बोलून फोन लावतात. मी आतून आले तर त्या फोन धरून नुसत्या उभ्या.

“लावा की, आत्याबाई.”

“हा यांचं नाव विचारायलाय गं. नुसतं नाव मी कधी घेतलं न्हाई.”

मग डोक्यावरचा पदर सावरून त्या फोनला म्हणाल्या, “जिंतूरच्या बाजारात कापसाच्या गाठी, दत्तरावांचं नाव घेते बीपीच्या गोळीसाठी!”

फोननं लग्नातल्या उखाण्यांचे व्हिडिओ सुरू केले.

शेवटी मीच बोटानं नंबर लावला. मामा अजून फाट्यावर एसटीची वाट बघत होते, ते परत आले. गोळ्या देताना मी उखाण्याचं सांगून टाकलं.

मामांनी फोनकडं बोट दाखवलं. मग आत्याबाईंना म्हणाले, “त्याला ऐकवलं व्हय? लग्नापासून मी बी कान लावून बसलोय की.”