डावी टाच

जमलेल्या सर्वांना नमस्कार.

शालन सिस्टरांच्या घरच्यांनी मला या शोकसभेत बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. माझं काम रुग्णालयांतल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं. यंत्र का बिघडलं ते मी नीट सांगू शकते. माणसाबद्दल बोलताना अडकते. आज अडकले तर थांबेन आणि मग पुढे बोलेन. तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्यातले बरेच जण सिस्टरांना सोनईतली शेजारीण म्हणून ओळखतात. मी त्यांच्या हातात पहिल्यांदा आले तेव्हा माझं वजन अकराशे दहा ग्रॅम होतं. सातव्या महिन्यात जन्मले. सिस्टर तेव्हा नगरच्या एका रुग्णालयात लहान बाळांच्या वॉर्डात नोकरीला होत्या. तिथल्या काचेच्या पेटीत मी एकावन्न दिवस काढले. मला अर्थात काही आठवत नाही. कागद आहेत, आणि आई आहे. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे.

मला आठवतं ते सहाव्या वर्षापासूनचं. शाळेची घंटा वाजली की मी बाकाखाली जायचे. कुणी मागून हात लावला तर मारायचे. पायाला हात लावलेला तर मुळीच चालायचा नाही. घरातले म्हणायचे, लाडावलीय. बाहेरचे म्हणायचे, अपुऱ्या दिवसांची आहे, डोक्यात काहीतरी राहिलं असेल. मामाच्या लग्नात आई मला पैंजण घालत होती. मी लाथ मारली. आईचा ओठ फाटला.

दुसऱ्या दिवशी तो सुजलेला ओठ घेऊन आई सिस्टरांच्या घरी गेली. मला सोबत नेलं. मला वाटलं, माझी तक्रार करायला आणलंय. पण आईनं तक्रार केली नाही. ती म्हणाली, "सिस्टर, हिला मी नको असते. हात लावला की लाकडावानी होते."

आई सहा वर्षं हे मनात धरून होती, हे मला त्या दिवशी कळलं. पुरतं कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

सिस्टर माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. पायाला हात न लावता, वाकून टाचा बघितल्या. माझ्या टाचांवर बारीक पांढरे ठिपके आहेत. आजही आहेत. डाव्या टाचेवर जास्त. मग सिस्टर आईला म्हणाल्या, "मंदा, ह्या टाचा मी टोचल्यात. रोज टोचल्यात. रक्त तपासाय लागायचं, त्याबिगर ही वाचली नसती. पर तवा आमी टोचायचो आन् म्होरच्या लेकराकडं जायचो. रडलं तर म्हनायचो, बरं हाय, जोर हाय. डावी टाच माझ्या हाताला सोयीची पडायची, म्हनून डावीच. तू नको असती असं न्हाई गं. तिला अचानक आलेला हात नको असतो."

आई रडली. मी तिच्याकडे बघत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. माझं वागणं त्या टोचण्यांमुळेच होतं, हे मी सिद्ध करू शकत नाही. अपुऱ्या दिवसांची कितीतरी मुलं मोठेपणी तशी वागत नाहीत. सिस्टरही म्हणाल्या होत्या, नक्की सांगता यायचं न्हाई. पण ज्या बाईंनी मला वाचवलं, त्यांनीच आईला सांगितलं की यात तुझा दोष नाही. हे सांगायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "बाई, मी तुझा पाय धरू का?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही परत गेलो, तेव्हा पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. चौथ्या वेळी मी हो म्हणाले. त्यांनी अख्खी टाच तळव्यात घेतली. कुरवाळली नाही. नुसती घट्ट धरली. मग आईचा हात घेऊन तिथे ठेवला.

तेव्हापासून आई विचारते. परवा माझ्या पायात काटा गेला होता. तेव्हाही विचारलंच, "धरू का गं?"

मी नोकरीला लागले आणि एक वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, दुरुस्त करायला त्याच वॉर्डात गेले. सिस्टरांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. बाळाला टोचण्याआधी त्यांनी त्याच्या जिभेवर आईच्या दुधाचे थेंब दिले, त्याला मऊ कापडात गुंडाळलं, हातांत धरलं. प्रत्येक पेटीला कागद लावला होता: आज डावी, उद्या उजवी. स्टुलांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले होते. दुपारी दोन ते तीन दिवे मंद, बोलणं बंद.

मला म्हणाल्या, "तुझं मशीन लई वरडतं."

मी सांगितलं, अलार्म बंद करता येत नाही, नियम आहे.

"बंद कर कुठं म्हनलं? आवाज कमी कर."

नियमात बसेल तेवढा मी कमी केला. मग विचारलं, हे सगळं माझ्यामुळे सुरू केलंत का?

"तुझ्यामुळं कशाला? तुझ्या आईच्या ओठामुळं."

सिस्टर, माझं वाचणं तुमच्या हातचं होतं. त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझी आई मला परत मिळाली, त्याबद्दल जास्त आभारी आहे.

आता आपण दोन मिनिटं मौन पाळू. एक विनंती आहे. उठू नका. या लोखंडी खुर्च्या आहेत आणि खाली फरशी आहे. सगळ्या एकदम सरकल्या तर काय आवाज होईल, तुम्हीच विचार करा. मोबाईल बंद करा. आहात तिथेच बसून राहा.

सिस्टर, आवाज कमी केला आहे.