कोलूतला समुद्र

नाही हो लक्ष्मीप्रिया, तो समुद्र आता घरात नाही — उंदरांनी खाल्ला. बसा ना, हरभऱ्याचं सुंडल घ्या. पूंपुहारहून दोन बस बदलून आलात, शाळेतल्या पोरांना दाखवायला मागताय, आणि मी — काय? उंदीर प्लास्टिक खातात का? खातात की. म्हणजे... दिला मी कुणाला तरी. थांबा, नाही बोलवत मला खोटं, सणासुदीचं.

मागल्या नवरात्रात, शहाण्णव साली केला होता. कोलूच्या पायऱ्यांवर बायका त्याच त्या बाहुल्या मांडतात — राजा-राणी, चेट्टियार वाण्याचं जोडपं, लग्नाची वरात. म्हटलं, आपण समुद्राचं दुखणं मांडू. आता दुकानात कशालाही प्लास्टिकचं कवर मिळतं, शांपूसुद्धा पुडीत — चार महिने गोळा केलं, धुतलं, वाळवलं, शेजारची कामाक्षी हसायची मला. बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे थर्माकोलचा समुद्र, त्यात पिशव्या गिळून मेलेलं हिरवं कासव, तेही पिशव्यांचंच. बायका रडल्या हो बघून! कोलूच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस, पेपरात फोटो — तो बघूनच तर तुम्ही आलात.

दसरा झाला. आमचे अनिरुद्धराव म्हणाले, पोत्यात भर, नगरपालिकेच्या गाडीत टाक. मी भडकले. नऊ दिवस देवीपुढे होतं ते, रोज आरती ओवाळली, कुंकू वाहिलं — ते उकिरड्यावर? कुत्र्यांनी हुंगायला? निर्माल्य नदीतच जायचं, आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं. तीन पोती ऑटोत घातली, तिरुवैयारूच्या घाटावर गेले, अक्षता टाकून कावेरीत रिकामी केली. हात जोडून! कळलं कसं नाही म्हणता? नाही कळलं — खरं सांगू, कासव तरंगत निघालं ना, तेव्हा मला आनंद झाला. टाळी वाजवली मी, एवढी घोडी झाले तरी. घरी येऊन पाय धुताना डोक्यात उजेड पडला. यांना सांगितलं, टाकलं गाडीत. वर्ष झालं, तेच सांगतेय. यंदा बाहुल्या मांडताना देवीकडे बघवत नव्हतं.

दर शनिवारी पोरं किनाऱ्यावर पिशव्या वेचतात म्हणालात ना? बाई, कावेरी तुमच्याच गावाला समुद्राला मिळते. तुम्ही जे न्यायला आलात, ते मी केव्हाच पाठवलंय तुमच्याकडे.

असं बघू नका हो. बोला काहीतरी — नको, नका बोलू. कुंकू लावते, आणि निघा.