डावीकडं न वळणारी जीप

दहिवलीच्या आमच्या महेशनं वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या जुन्या जीपमध्ये टेंपोचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हाचं सांगतो. इंजिन झकास सुरू झालं, पण गाडी उजवीकडंच वळायची. डावीकडं वळवली की स्टिअरिंगचा रॉड इंजिनच्या खालच्या ऑइल चेंबरला अडायचा.

महेश डोकं धरून बसला. त्याची आई, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “नवं काय रं त्यात? कोंडाण्याचा रस्ता डावीकडंच हाय. तुजे अण्णा माज्या भावाशी भांडले, तवापास्नं ही जीप माज्या माहेराकडं वळलीच नाय.”

अण्णा चहाच्या कपात बघत राहिले. मग म्हणाले, “इंजिन वर उचल.”

“अण्णा, खाली पॅकिंग टाकून उचललं तर वरचं बॉनेट बसणार नाय.”

त्या बॉनेटला अण्णा दुसऱ्या कुणाला फडकंसुद्धा मारू देत नसत.

“मग बॉनेट काप.”

संध्याकाळी अण्णांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं. कुठंच अडलं नाही.

“नुसतं जाग्यावर फिरवून कळत नाय,” काकूंकडं न बघता ते म्हणाले. “कोंडाण्यापर्यंत नेऊन बघाया पायजे.”

काकू साडी बदलायला आत पळाल्या.